एकाच पाइपवर सगळ्या बिल्डिंगा

जमिनीतल्या उष्णतेवर हीटिंग-कूलिंग म्हटलं की लोक प्रत्येक बिल्डिंगला वेगळी बोअर (पाइप सोडायला जमिनीत पाडलेलं खोल भोक) मोजायला लागतात, आणि मला तिथंच थांबवावंसं वाटतं, कारण खरी मजा शेअरिंगमधे आहे. दहा-पंधरा मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास तेच राहतं, त्यात पाइपातून पाणी फिरवायचं आणि प्रत्येक बिल्डिंगमधला हीट पंप (विजेवर उष्णता इकडून तिकडे नेणारं यंत्र) त्यातून उष्णता घेतो नाहीतर त्यात सोडतो, एवढंच.

आता बघा, ऑफिसची सर्व्हर रूम थंडीतही उष्णता बाहेर टाकत असते आणि शेजारच्या घरांना नेमकी तीच हवी असते. दोघं एका लूपवर, म्हणजे पाण्याच्या त्याच पाइपवर, आले की बोअर कमी लागतात. म्हणून आधी सगळ्या बिल्डिंगांचे तासातासाचे लोड, म्हणजे कधी किती हीटिंग-कूलिंग लागतं ते, एकावर एक ठेवून बघा, नुसते पीक, म्हणजे प्रत्येकीची सगळ्यात जास्त गरज, बेरजेत धरले तर सिस्टिम उगाच मोठी होते.

जमिनीतून काढलेल्या आणि तिच्यात सोडलेल्या उष्णतेचा वर्षाचा हिशोबही जुळला पाहिजे हां. फक्त उष्णता काढतच राहिलात तर जमीन वर्षागणिक गार होत जाते आणि पंप जास्त वीज खातो. आणि टेस्ट बोअर टाळू नका प्लीज! त्यात दोनेक दिवस ठरावीक पॉवरने गरम केलेलं पाणी फिरवतात, जाताना-येताना तापमान मोजतात, तेव्हा कळतं ती माती उष्णता किती वाहून नेते.

2024 मधे अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला एका गॅस-वीज कंपनीनंच अख्ख्या वस्तीसाठी असं नेटवर्क सुरू केलं, ते वाचून मला फार बरं वाटलं.