हायब्रिड बासची उन्हाळी नोंद: लेक रे हबर्ड, डॅलस

जूनअखेर. हायब्रिड बास म्हणजे स्ट्राइप्ड बास आणि व्हाइट बासचा संकर. वरचं पाणी 84 अंश फॅरनहाइटवर गेलं की वसंतातल्या उथळ जागा विसरायच्या. आता सगळा खेळ थराचा, म्हणजे वरचं गरम आणि खालचं गार पाणी जिथे वेगळं होतं त्या पट्ट्याचा. सोनारची सेन्सिटिव्हिटी वाढवली की वीसेक फुटांवर धुरकट आडवा पट्टा दिसतो. त्याच्या खाली प्राणवायू जवळजवळ नसतोच, त्यामुळे 35 फूट तळाशी आमिष सोडणं म्हणजे दिवस वाया. जिथे तळातला उंचवटा या पट्ट्याच्या किंचित वर डोकं काढतो तिथे शोधायचं. सोनारवर शॅडचा (हायब्रिडचं खाद्य असलेल्या छोट्या माशांचा) थवा आणि त्याखाली जाड कमानी, म्हणजे मोठे मासे, दिसल्या तरच नांगर टाकायचा.

आमिष, म्हणजे जिवंत शॅड, माशाच्या वर हवं. हायब्रिड वर पाहून खातो, खाली क्वचितच वळतो. कमानी 20 फुटांवर असतील तर आमिष 17-18 वर. इथेच बहुतेकांची गफलत होते, कारण दोरा मोजला जातो, खोली नाही. रिळापासून पहिल्या कडीपर्यंत दोन फूट दोरा ओढायचा, असे दहा ओढे म्हणजे 20 फूट. रॉडचं टोक पाण्यावर तीन फूट असेल तर तेवढे वजा. होडी वाऱ्याने सरकत असेल आणि दोरा 45 अंशांत तिरका गेला, तर 20 फूट दोऱ्याला खोली मिळते जेमतेम 14. मग दोरा वाढवत बसू नका, वजन वाढवा.

जुलै. चावे कमी होण्याचं कारण बहुतेक वेळा गळ नसतो, मेलेला शॅड असतो. शॅड आपल्या पाल्याच्या गोतातला, तितकाच नाजूक: खवले हाताला लागून येतात आणि तासाभरात मरतो. शॅड जिवंत ठेवायची टाकी गोलच हवी. चौकोनी टाकीत ते कोपऱ्यात नाक आपटतात, नाक लाल झालेला शॅड गेला समजा. 30 गॅलन टाकीत तीसच शॅड, त्यापेक्षा हाव नको. दोन कप साधं जाडं मीठ, आयोडीनचं नको. पाणी शक्यतो तळ्यातलंच. नळाचं असेल तर आधी क्लोरीन काढणारं औषध घाला. बर्फ थेट टाकू नका. गोठवलेली बाटली सोडा, म्हणजे क्लोरीनही नाही आणि तापमान एकदम पडतही नाही. वर फेस साचू लागला की निम्मं पाणी बदला.

शॅड धरायचा पाग (फेकून टाकायचं जाळं) पहाटे, 3/8 इंच आसाचा, म्हणजे जाळीच्या भोकाचा. आस मोठा घेतला तर पाग झटकन बुडतो खरा, पण तीन इंची शॅड त्यात कल्ल्यापाशी अडकून जायबंदी होतात. 

मांडणी अशी: 7 फुटी मीडियम-हेवी रॉड, टोक मऊ, 20 पौंडी मोनो (नायलॉनचा एकपदरी दोरा), त्यावर 2 औंसाची शिशाची गोळी, मणी, स्विव्हल (फिरती कडी), मग तीन फूट फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा वेगळा दोरा). गळ सर्कल (टोक आत वळलेला), आकार 1/0. शॅडच्या नाकपुड्यांतून आरपार घालायचा. त्याहून मोठ्या 3/0 गळाने लहान शॅड पोहत नाही, नुसता लोंबतो. रॉड होल्डरमध्येच राहू द्या. टोक दोनदा थरथरेल, तेव्हा हात लावायचा नाही. रॉड पाण्यापर्यंत वाकला की सरळ गुंडाळायला लागा. झटका मारलात तर सर्कल गळ तोंडाच्या कोपऱ्यात न बसता बाहेर येतो. वर्षानुवर्षं गळाने गरवलेल्यांना ही सवय मोडणं सगळ्यांत जड जातं. ड्रॅग (ओढ बसली की दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक) पाच पौंडांच्या आसपास. हायब्रिड होडीजवळ आल्यावर दुसऱ्यांदा खाली धाव घेतो आणि करकचून आवळलेला ड्रॅग तिथेच दोरा तोडतो.

ओळख पटवल्याशिवाय बर्फात टाकू नका. हायब्रिडचे पट्टे बाजूला तुटक, पायऱ्या सरकल्यासारखे दिसतात. जीभ बोटाने चाचपा: दातांचे दोन खरखरीत ठिपके लागले तर हायब्रिड, एकच असेल तर व्हाइट बास. फरक महत्त्वाचा, कारण टेक्ससमध्ये हायब्रिड 18 इंचांच्या वर आणि दिवसाला पाचच, व्हाइट बास मात्र 10 इंचांचे 25. उन्हाळ्यात वर ओढून सोडलेला मासा बरेचदा जगत नाही. म्हणून लहानमोठा निवडत बसणं नको, पाच झाले की गळ गुंडाळा.

कल्ला कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फ-पाण्यात ठेवा. तुकड्या करताना कातडीखालचा लाल पट्टा पूर्ण काढा, उग्र वास तिथेच असतो. मग रवा लावून तळलेली तुकडी सुरमईइतकी नाही, पण कुणी तक्रार करत नाही.

ऑगस्टअखेरपर्यंत एवढंच. सप्टेंबरात वरचं पाणी थंड होऊन थर मोडला की हे सगळे आकडे रद्द; मासे 5 फुटांपासून तळापर्यंत कुठेही. तेव्हा टाकी बाजूला आणि 1 औंसाचे पांढरे स्लॅब (धातूची चपटी कृत्रिम आमिषं) बाहेर.