माझ्या मापाचं

शनिवार, रात्री

गणपतीला कोणती साडी नेसायची हे यंदा मी आधी ठरवलं आणि ब्लाउजचा विचार मग केला. इतकी वर्षं उलटं चालायचं. कपाटातले जे मोजके ब्लाउज अंगाला येतात, त्यांच्यावर जाईल ती साडी बाहेर निघायची. म्हणजे बहुतेक वेळा मरून, नाहीतर गडद निळी. यंदा मोरपिशी इरकल काढली, लाल टोपपदराची. आईची आहे.

आई माझ्याच अंगलटीची. तिने कधी रंग चोरला नाही. पोपटी, केशरी, राणी, सगळं नेसली, आणि हळदीकुंकवाला गेली की बायका तिच्या साडीचा पदर हातात घेऊन बघायच्या. तिच्या काळात साडीला साइझ नव्हता आणि ब्लाउज शिवूनच घ्यायचा असायचा. शिंपी टेप लावायचा आणि जे माप येईल ते वहीत लिहायचा, संपलं. आपल्या अंगाला लेबल असतं हे मला कॉलेजात गेल्यावर, तयार कपड्यांच्या दुकानात कळलं. तिथे एल होता, एक्सएल होता, आणि त्याच्या पुढे ‘सॉरी मॅडम’.

दुपारी दादरला उतरून मॅचिंगच्या दुकानात गेले. राणी रंगाचा खण हवा होता. काउंटरवरच्या मुलाने सवयीने ८० सेंटिमीटर मोजायला घेतलं. साडीसोबतचा ब्लाउज पीसही बहुधा तेवढाच असतो. माझ्या छातीला आणि कोपरापर्यंतच्या बाह्यांना तेवढ्यात भागत नाही. शिवाय अस्सल खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी, त्यामुळे जोड कुठे येणार याचा हिशोब आधीच करावा लागतो. पूर्वी मी ८० सेंटिमीटर मुकाट्याने घ्यायचे आणि मग आखूड बाह्यांवर समाधान मानायचे. आज म्हटलं, ‘दादा, दीड मीटर द्या.’ त्याने दीड मीटर फाडून दिला. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, मागे उभ्या असलेल्या बाईच्याही नाही. जास्त कापड मागायला मी इतकी वर्षं का बिचकत होते, याचं मला आज फार वाईट वाटलं. कापडच तर आहे.

तिथून लालबागला काकूंकडे. काकू चाळीतल्या एका खोलीत शिवतात, आणि त्यांच्याइतकं नीट माप मुंबईत दुसरं कोणी माझं घेतलेलं नाही. फोनवरच सांगून ठेवतात, ‘जी ब्रा आत घालणार तीच घालून ये.’ छातीचं माप एकदा काखेजवळून वरचं घेतात, एकदा पूर्ण घेतात. पुढचा भाग आणि पाठ वेगवेगळी मोजतात. दंडाचा घेर हात खाली सोडून घेतात आणि कोपर दुमडूनही घेतात. मग मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर.

मुंढ्याबद्दल मला लिहून ठेवायचंच आहे, कारण माझं अर्धं आयुष्य त्यात अडकलं होतं. अंग मोठं म्हणून मुंढा खोल हवा, असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. पण मुंढा जितका खाली उतरतो तितकी बाही कमरेकडच्या कापडाला बांधली जाते. मग लोकलमध्ये वरची कडी धरायला हात उचलला की अख्खा कुर्ता वर चढतो, बाजू उघडी पडते आणि बाई दुसऱ्या हाताने कुर्ता खाली ओढत दादरपासून मुलुंडपर्यंत येते. मुंढा काखेच्या जवळ, वर ठेवला आणि दंडाला बाहीत पुरेशी रुंदी दिली, की हात मोकळा वर जातो आणि कुर्ता जागच्या जागी राहतो. काकूंनी पहिल्यांदा तसा शिवून दिला, तेव्हा मी त्यांच्याच खोलीत हात वर करून उभी राहिले आणि मला रडू आलं. काकू म्हणाल्या, ‘अगं, कटिंग आहे ते फक्त.’

तयार कपड्यांत हे का होत नाही, तेही त्यांच्याकडूनच समजलं. कंपन्या एका मधल्या मापाचा नमुना बेततात आणि प्रत्येक साइझला ठरावीक इंच वाढवत जातात, फोटो मोठा करावा तसा. पण छाती आणि कंबर वाढते त्या प्रमाणात खांदे आणि गळा वाढत नाहीत. म्हणून ट्रिपल एक्सएलचा खांदा दंडावर लोंबतो, गळा पुढे वाकलं की उघडा पडतो, आणि नेमकी दंडाला बाही करकचते. मोठ्या मापांसाठी वेगळा नमुना बेतायला हवा, टक वेगळे पडायला हवेत, त्या मापाच्या बाईवर तो घालून बघायला हवा. हे सगळं खर्चाचं काम आहे हे मला कळतं. पण ते न करता कपडा विकायला ठेवायचा आणि आरशासमोर उभ्या असलेल्या बाईला तिचंच अंग चुकीचं वाटू द्यायचं, हे मला मान्य नाही.

त्यात आपल्याकडे बहुतेक ब्रँड अमेरिकन, ब्रिटिश नाहीतर युरोपियन मापांचे तक्तेच थोडेफार बदलून वापरत आले. ‘निफ्ट’ या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने भारतीय मापांसाठी मोठी पाहणी हाती घेतली: १५ ते ६५ वयाची २५,००० माणसं, सहा शहरं, त्यांत मुंबईही, आणि अंग मोजायला थ्रीडी स्कॅनर. ती बातमी वाचून मला किती बरं वाटलं होतं! कोणीतरी आमची मापं लिहून घेणार होतं.

रविवार

भाची आली होती, ताईची मुलगी. आता कॉलेजला गेली आहे. बांधा माझा आणि आईचा. वाढदिवसाचा कपडा मावशीने घ्यायचा, ही आमची जुनी रीत.

एका मोठ्या दुकानात गेलो. मोठ्या मापांचे कपडे मागच्या भिंतीला, बिलिंगच्याही पलीकडे. एक रॅक. काळा, नेव्ही, मरून, राखाडी, पुन्हा काळा. सगळे ढगळ, सगळ्यांना लांब बाह्या, बहुतेकांवर गळ्याशी तेच एक चमकीचं फूल. पुढे तिच्याच वयाच्या बारीक मुलींसाठी लिंबू, फिरोजी आणि गुलाबी रंगांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांच्या मधून चालत आम्ही मागे गेलो. पोरगी इकडेतिकडे बघतसुद्धा नव्हती. रॅकपाशी पोचल्यावर हळूच म्हणाली, ‘मावशी, काळाच घे. काळ्यात मी कमी दिसते.’

कमी दिसते. अठरा वर्षांच्या मुलीला कमी दिसायचं आहे.

मला तिला तिथेच खूप काही सांगायचं होतं, पण माझ्या आत्याने मला ‘तू छानच दिसतेस गं’ म्हटलेलं एकदाही माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं, हे मला आठवत होतं. म्हणून एवढंच विचारलं, ‘साइझचं मला बघू दे. इथे सगळे रंग तुझ्या मापात असते तर कुठला उचलला असतास?’ तिने वळून पुढच्या रांगांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लिंबू रंगाच्या एका बिनबाह्यांच्या कुर्त्याकडे बोट केलं आणि लगेच म्हणाली, ‘पण दंड.’

दंडाचं मी तिला माझंच सांगितलं. मी पहिल्यांदा बिनबाह्यांचं घालून ऑफिसला गेले तेव्हा फोर्टात पोचेपर्यंत ओढणी दोन्ही खांद्यांवरून घेतली होती. मेमधला उकाडा होता. दुपारी जेवताना ओढणी काढून खुर्चीला टांगली आणि ती संध्याकाळपर्यंत तिथेच राहिली. वाऱ्याची झुळूक दंडाला लागणं किती सुखाचं असतं हे ज्यांना कधी झाकावं लागलं नाही त्यांना ठाऊक नसेल.

कापड घ्यायचं ठरलं. हिंदमाताला अगदी तसलं लिंबू रंगाचं सुती मिळालं.

येताना बसमध्ये तिने मला मोबाइलवर अभिनेत्री वनिता खरातचे फोटो दाखवले. जानेवारी २०२१ मध्ये तिचा तो फोटोशूट आला होता, अंगावर फक्त पतंग धरलेला. तेव्हा मी एकटीने स्वयंपाकघरात उभं राहून तो फोटो पाहिला होता. रॅम्पवर मोठ्या अंगाच्या मॉडेल त्याआधीही आल्या होत्या, लॅक्मे फॅशन वीकमध्ये २०१६ साली, इथे मुंबईतच. त्यांचंही कौतुक वाटलंच. पण हा चेहरा आमच्यातला होता, शेजारच्या बिल्डिंगमध्ये दिसेल असा, आणि ती लपत नव्हती. भाचीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, ‘मी पण तेव्हा पाहिला होता. शाळेत होते. कोणाला सांगितलं नाही.’

सोमवार

आज हातमागाचा आडव्या पट्ट्यांचा कुर्ता घातला, लाल-पांढरा. घाटकोपरला चढलेल्या ओळखीच्या बाई म्हणाल्या, ‘आडव्या पट्ट्या आपल्यासारख्यांनी टाळाव्यात हं.’ त्यांना माझं भलंच हवं असतं. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच लिहून ठेवलंय की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद दिसतो. हे मी त्यांना सांगू शकले असते. नाही सांगितलं, कारण मग मी बारीक दिसण्यासाठीच पट्ट्या घातल्या असा अर्थ झाला असता. मला त्या पट्ट्या आवडतात. त्यांना म्हटलं, ‘मला हे फार आवडतं, आणि मंगळवारी दुसरा घालणार आहे, हिरवा.’ त्या हसल्या, आणि सरकून मला तिघींच्या बाकावरची चौथी सीट दिली. चौथ्या सीटवर बसायला मी आता संकोच करत नाही. तिकीट माझंही असतं आणि पाय माझेही दुखतात.

(भाचीला सांगायचं राहिलं: पावसाळ्यात कुर्त्याच्या आत सुती सायकलिंग शॉर्ट्स घालायच्या, मांड्या घासत नाहीत. हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर कितीतरी फ्रॉक मी आनंदाने घातले असते.)

गुरुवार

ट्रायल. माझा खणाचा ब्लाउज आधी घातला. काकूंनी खणाचे काठ बाह्यांच्या टोकाला आणले आहेत आणि जोड काखेखाली अशा ठिकाणी घेतला आहे की मलाच शोधावा लागला. आत दोन्ही बाजूंना माया भरपूर ठेवली आहे, पुढे उसवून वाढवता यावी म्हणून. वजन वर-खाली होतंच, तेव्हा ब्लाउजने सोबत यावं, त्याच्यासाठी मी उपाशी का राहू?

मग भाची. लिंबू कुर्ता, बिनबाह्यांचा, मुंढा वर, प्रिन्सेस कट, दोन खिसे. तिने आरशात आधी फक्त गळ्यापर्यंतच पाहिलं. काकू म्हणाल्या, ‘हात वर कर.’ तिने केले. कुर्ता हलला नाही. तिने पुन्हा केले, या वेळी उंच, ट्रेनची कडी धरल्यासारखे, आणि मग वळून पाठ बघितली, मग बाजू, मग पुन्हा समोर. खिशात हात घालून उभी राहिली.

तेवढ्यात ताईचा फोन आला. व्हिडिओवर बघून ताई म्हणाली, ‘छान आहे गं, पण वरून एखादं श्रग घेतलं असतं तर?’ मी उत्तर देणार होते. पोरगीच म्हणाली, ‘नको आई. उकडतं. आणि मला असंच आवडलंय.’ ताई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘जरा मागे हो, खालपर्यंत दाखव.’ आणि बघितल्यावर तिने विचारलं, काकू माझाही एक शिवतील का.

भाचीला आता आडव्या पट्ट्यांचा हवा आहे, माझ्यासारखा, पण निळा-पिवळा, आणि लांबी गुडघ्याच्या वर. कापडाला शनिवारी मंगलदास मार्केटला जायचं. काकूंनी चिठ्ठीवर लिहून दिलंय: ५८ इंच पन्ह्याचं मिळालं तर अडीच मीटर, ४४ असेल तर तीन, आणि पट्ट्या जुळवायच्या म्हणून वर पाव मीटर जास्त.