पॉइंट टू टूचे पिस्तूल अडते तेव्हा

नेमबाजीतल्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या वेगवान टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद समोर असते आणि ७ सेकंद नाहीसे होते. लक्ष्य दिसताच हात वर न्यायचा, एकच गोळी मारायची आणि हात पुन्हा खाली आणायचा, असे सलग पाच वेळा करायचे असते. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात रिकामी पुंगळी बाहेर फेकणे, घोडा (बार उडवणारा हातोडा) पुन्हा चढवणे आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, बसवणे ही सगळी कामे पिस्तुलाने स्वतः करायची असतात, आणि त्यातले एक जरी चुकले तरी नेमबाजाच्या हातात त्या ३ सेकंदांत करण्यासारखे काहीही उरत नाही. शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवल्यापासून सांगलीतही या प्रकाराकडे वळणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढलेली दिसते. आमच्या क्लबच्या पिस्तुलांची साफसफाई आणि नोंदवही माझ्याकडे असल्यामुळे अडलेले प्रत्येक पिस्तूल शेवटी माझ्याच टेबलावर येते. नोकरीने मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रदेखभालीचे काम करतो, त्यामुळे बिघाड शोधण्याची सवय तिथूनच आलेली आहे.

पिस्तूल चालते कसे, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. .२२ लाँग रायफल हे काडतूस लहान दाबाचे असल्यामुळे या पिस्तुलांत ब्रीच, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा ठोकळा, कुलूपबंद करण्याची गरज पडत नाही. गोळीला पुढे ढकलणारा जळत्या दारूचा वायूच पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी ब्रीचच्या ठोकळ्याला ढकलते, आणि त्या ठोकळ्याचे वजन व मागची स्प्रिंग मिळून त्याला इतपतच रोखून धरतात की गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत ब्रीच फारसे उघडू नये. म्हणजे इथे पुंगळी ओढून काढली जात नाही, ती स्वतःच ढकलत मागे येते. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा तिला फक्त धरून ठेवतो, म्हणजे ती इजेक्टरवर, म्हणजे बाहेर फेकणाऱ्या खुंटीवर, नीट आपटून बाहेर उडते. ही गोष्ट ज्याला माहीत नसते तो पुंगळी अडकली की पहिला संशय एक्स्ट्रॅक्टरवर घेतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या दिशेने जातो.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी खासगी व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी अर्धस्वयंचलित रायफल घरी जुळवता येते, आणि तिकडच्या रायफलींच्या अडण्याविषयीची चर्चा आमची मुले मोबाईलवर वाचून येतात. त्या रायफली बहुतांशी वायूवर चालणाऱ्या असतात. नळीला पाडलेल्या एका बारीक छिद्रातून थोडा वायू मागे वळवून बोल्ट (तिथला ब्रीचचा ठोकळा) हलवला जातो, त्यामुळे तिथे वायू कमी पडतो की जास्त, हा पहिला प्रश्न असतो. शिवाय वेगवेगळ्या उत्पादकांचे सुटे भाग एकत्र आणलेले असल्यामुळे ती जुळणी मुळातच बरोबर आहे का, असा संशय घेणे तिथे रास्त ठरते. आपल्याकडच्या, कारखान्यातून पूर्ण तयार होऊन आलेल्या आणि वर्षानुवर्षे नीट चाललेल्या पिस्तुलाला ती विचारपद्धती लावणे मात्र चूक आहे. जे काल चालत होते, त्याची रचना आज बिघडलेली नसते. त्यात काय बदलले एवढेच शोधायचे असते, आणि बदलणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात: काडतुसांचा लॉट, मॅगझिन, साचलेली घाण आणि झिजलेला किंवा ठेचलेला एखादा भाग.

म्हणून अडलेले पिस्तूल मोकळे करण्याची घाई करू नये, असे मी मुलांना वारंवार सांगतो. नळी लक्ष्याकडेच ठेवायची, बोट चापावरून काढायचे, दुसरा हात वर करून रेंज ऑफिसरला, म्हणजे गोळीबारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलवायचे. स्पर्धेतही नियम हेच सांगतो. नेमबाजाने स्वतः ब्रीच उघडले किंवा यंत्रणेला हात लावला, तर एरवी मान्य झाला असता असा बिघाडही अमान्य ठरतो आणि पाच गोळ्यांची ती मालिका पुन्हा पूर्ण करण्याची संधी जाते. सरावात मला या नियमाचा दुसराच उपयोग वाटतो. पिस्तूल ज्या अवस्थेत अडले ती अवस्था हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो, आणि खटकन ब्रीच ओढून काडतूस जमिनीवर पाडणारा मुलगा तो पुरावा पुसून टाकतो. चाप ओढला आणि काडतूस उडाले नाही, तर निदान ३० सेकंद पिस्तूल तसेच लक्ष्याकडे रोखून धरायचे, कारण क्वचित बार उशिराने उडू शकतो. आवाज नेहमीपेक्षा दबका, फुसका आला तर मात्र गोळीबार तिथेच थांबवायचा. गोळी नळीतच राहिली असेल आणि तिच्यामागून दुसरी सोडली, तर नळी फुगते किंवा फाटते.

अवस्था कशी वाचायची याचे एक उदाहरण देतो. ब्रीच बंद आहे, चेंबर रिकामे आहे आणि मॅगझिनमध्ये काडतुसे शिल्लक आहेत. अशा वेळी घोडा चढलेला आहे की उतरलेला, हे पाहावे. घोडाही चढलेला नसेल तर ब्रीच पुरेसे मागे गेलेच नाही. घोडा चढला आहे पण काडतूस आले नाही, तर एक तर ब्रीच घोडा चढण्याइतपत मागे गेले पण काडतुसाच्या मागे पोहोचले नाही, नाही तर ते पूर्ण मागे गेले आणि मॅगझिनने काडतूस वेळेवर वर आणले नाही. या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठी मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून ते मारावे. शेवटच्या गोळीनंतर ज्यांचे ब्रीच उघडे राहते अशा पिस्तुलात ते प्रत्येक वेळी उघडे राहिले, तर मागचा प्रवास पुरेसा होतो आहे आणि दोष मॅगझिनच्या बाजूला आहे. उघडे राहिले नाही, तर तीच चाचणी दुसऱ्या मॅगझिनने करावी, आणि मग काडतुसांचा लॉट बदलून करावी. दोन्ही एकदम बदलू नयेत. ही साधी शिस्त कारखान्यातल्या अनुभवी माणसांनाही पाळता येत नाही, कारण मागून साहेब विचारत असतात.

मॅगझिन ही या पिस्तुलांतली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू आहे. पाच काडतुसांची ती पत्र्याची डबी जमिनीवर पडते, तिच्या वरच्या ओठांपैकी एक किंचित वाकतो, आणि काडतूस चेंबरच्या तोंडाशी जरा जास्त वर किंवा खाली वळून येते. शिशाच्या उघड्या गोळीच्या नाकावर एका बाजूला खरचटल्याची चकचकीत खूण दिसली, तर ती बहुधा याचीच असते. शिवाय .२२ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेच्या मागे गेली, तर वरचे पुढे सरकतच नाही. भरणाऱ्याचा अंगठा घाईत असला की हे होते, आणि त्याबद्दल पिस्तुलाला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घातला आहे, आणि अडण्याच्या नोंदीत पिस्तुलाच्या शेजारी मॅगझिनचा क्रमांक लिहितो. क्लबमधल्या निम्म्याअधिक तक्रारींचा माग या एका रकान्यातून लागतो, असे माझे मत झाले आहे.

घाणीचे गणित हवामानाशी बांधलेले आहे. या काडतुसांच्या गोळीला बाहेरून मेणाचे किंवा ग्रीससारखे आवरण असते. एप्रिल-मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की ते मऊ होऊन हाताला लागते आणि रेंजवरची धूळ धरते. पावसाळ्यात उलटी अडचण येते. गंजाच्या भीतीने मुले पिस्तूल तेलात न्हाऊ घालतात, आणि ते तेल काजळीशी मिसळून एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली, ब्रीचच्या तोंडावर आणि काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या खाचेत काळ्या चिकट थराच्या रूपाने बसते. हा थर काडतुसाला शेवटचा अर्धा मिलिमीटर आत बसू देत नाही. स्वच्छ करून कोरडे पुसावे आणि घासणाऱ्या पृष्ठभागांवर बोटाने पसरवता येईल इतकाच तेलाचा थेंब ठेवावा. चेंबरमध्ये तेल अजिबात राहू देऊ नये.

आता ज्या पिस्तुलामुळे हे लिहायला घेतले त्याकडे येतो. क्लबचे हे जुन्या बनावटीचे पिस्तूल दोन वेगळ्या तक्रारी घेऊन आले. कधी चाप ओढल्यावर काडतूस उडत नसे, तर कधी उडालेली पुंगळी चेंबरमध्येच राहून पुढचे काडतूस तिच्या बुडावर येऊन धडके. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लगेच निदान झाले: पहिल्या तक्रारीसाठी घोड्याची स्प्रिंग बदला, दुसरीसाठी एक्स्ट्रॅक्टर बदला. दोन तक्रारी म्हणजे दोन आजार असे गृहीत धरणे सोपे असते, पण एकाच पिस्तुलात दोन्ही एकाच सुमारास सुरू झाल्या असतील, तर दोघींचे मूळ एकच असण्याचा संभव आधी तपासावा.

मॅगझिन बदलून फरक पडला नाही, लॉट बदलूनही पडला नाही. मग न उडालेली काडतुसे आणि अडकलेल्या पुंगळ्या वेगवेगळ्या डब्यांत गोळा केल्या आणि भिंगाखाली पाहिल्या. .२२ च्या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळीत असतो, त्यामुळे फायरिंग पिनचा ठसा कडेवरच उमटतो. ठसा खोल आहे आणि तरी काडतूस उडाले नाही, तर त्या जागी मसाला नसण्याची शक्यता असते, आणि तो काडतुसाचा दोष ठरतो. आमच्या काडतुसांवरचा ठसा उथळ होता. त्याच पिस्तुलातून नीट उडालेल्या काडतुसांवरचा ठसा मात्र चांगला खोल होता. घोड्याची स्प्रिंग कमजोर असती तर सगळेच ठसे उथळ दिसले असते. म्हणजे जोर पुरेसा होता, पण काही काडतुसे चेंबरमध्ये पूर्ण बसतच नव्हती, आणि पिनचा निम्मा जोर त्यांना पुढे ढकलण्यात खर्च होत होता.

अडकलेल्या पुंगळ्यांनी उरलेली गोष्ट सांगितली. प्रत्येकीच्या अंगावर, कडेच्या अगदी पुढे, एक बारीक उभा ओरखडा होता, आणि तो प्रत्येक वेळी पिनच्या ठशाच्या रेषेतच होता. चेंबर रिकामे असल्याची दोघांनी खात्री केल्यावर काडीला सैल कापूस गुंडाळून मी तो चेंबरच्या तोंडावरून गोल फिरवला. बाकी सगळीकडे तो गुळगुळीत फिरला आणि वरच्या बाजूला एका जागी तंतू अडकून राहिले. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढण्याचा सराव मुले डमी (मसाला नसलेले) काडतूस न घालता करत होती. चेंबरमध्ये काही नसले की या बनावटीत पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते, आणि काठाचे पोलाद ठेचून आतल्या बाजूला नखाएवढे टोक पुढे येते. तेच टोक आत जाणारे काडतूस अडवत होते आणि मागे येणारी पुंगळी पकडून ठेवत होते. स्प्रिंग आणि एक्स्ट्रॅक्टर दोन्ही निर्दोष होते.

कारण सापडल्यावर कुपवाडमधल्या एका मित्राने सहज सुचवले, की कानस मार, दोन मिनिटांचे काम आहे, आणि हवी तर नवी पिनही लेथवर करून देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवल्यापासून या जिल्ह्यात लोखंडाला आकार देणाऱ्या हातांची कमी नाही, आणि ही पिन तो सुबक करून देईल यात मला शंका नव्हती. पण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये बंदुकीची दुरुस्ती ही उत्पादन आणि विक्री यांच्याच ओळीत बसवलेली आहे, आणि तिन्हींसाठी परवाना लागतो. साफसफाई हे वापरणाऱ्याचे काम आहे. सुटा भाग बनवणे, तो घासून बदलणे किंवा घरी शस्त्र जुळवणे हे परवानाधारक कारागिराखेरीज कोणाचेही काम नाही, आणि त्याची शिक्षा वर्षांत मोजावी लागेल अशी आहे. तांत्रिक बाजूनेही मित्राचा सल्ला मला पटला नाही. कानशीने टोक निघते, पण त्याबरोबर काठाचे चांगले पोलादही जाते. तेवढ्या भागात पुंगळीच्या कडेला आधार राहत नाही आणि बार उडताना पातळ पितळ तिथेच फाटू शकते. कारागीर धातू काढत नाही. चेंबरच्या मापाचे गुळगुळीत हत्यार आत सरकवून तो ठेचलेले पोलाद होते तिथे परत दाबतो.

पिस्तूल कागदपत्रांसह परवानाधारक दुरुस्तीकाराकडे गेले आणि तसेच दुरुस्त होऊन आले. आल्यावर आधी डमी काडतूस अंगठ्याच्या हलक्या दाबाने चेंबरमध्ये पूर्ण बसते का ते पाहिले, मग एकेक काडतूस भरून मारले, आणि त्यानंतरच पाचची मालिका घेतली. पुंगळ्यांवर ओरखडा राहिलेला नाही आणि ठसे एकसारखे खोल आहेत. डमी काडतुसे आता पिस्तुलाच्या पेटीतच असतात, आणि कोरडा सराव करणाऱ्याने ती घेतल्याची सही वहीत करायची आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या मॅगझिनबद्दलचा माझा संशय मात्र फिटलेला नाही. त्याचे शेवटचे काडतूस अधूनमधून उशिरा वर येते, तेव्हा नवी स्प्रिंग येईपर्यंत ते स्पर्धेला न्यायचे नाही, असे त्यावर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवले आहे.