भुशाचा कोळसा धुता आला पाहिजे

ठाण्यातल्या वखारीत भुशाला तोटा नाही, पण पाण्यातली अँटिबायोटिक्स ओढणारा कोळसा करायचा तर निखळ लाकडाचाच भुसा घ्या. प्लायवुड, एमडीएफ किंवा पॉलिश केलेल्या लाकडाचा नको. गोंद आणि रंग भट्टीपर्यंत सोबत येतात. पावसाळ्यात इथला भुसा हाताला कोरडा लागला तरी दमट असतो. १०५ अंशांवर रात्रभर वाळवून मगच वजन करा, नाहीतर अ‍ॅसिडचं प्रमाण पहिल्याच पायरीला चुकतं.

२० ग्रॅम भुशाला ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक अ‍ॅसिड २१ मिली, म्हणजे शुद्ध अ‍ॅसिड साधारण ३० ग्रॅम. ते तेवढ्याच पाण्यात ओता (पाणी अ‍ॅसिडमध्ये नव्हे), भुसा कालवा, रात्रभर मुरवा, वाळवा. मग झाकणाच्या क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या मुशीत) ४५० ते ५०० अंशांवर तासभर. स्टीलचा डबा नको, अ‍ॅसिड तो खातं. भट्टीची वाफ फ्यूम हूडमध्येच (प्रयोगशाळेतल्या वाफ ओढणाऱ्या कपाटात) जाऊ द्या.

इथवर बहुतेकांचं जमतं. घोळ होतो तो धुताना. गरम डिस्टिल्ड पाण्याने आठ-दहा वेळा तरी धुवा, निथळलेलं पाणी पीएच ६-७ दाखवेपर्यंत. चौथ्या पाण्याला कंटाळलात तर उरलेलं अ‍ॅसिड चाचणीतला पीएच खाली ओढतं. चाचणीत वापरायच्या सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकच्या रेणूवर पीएच ७.४ च्या आसपास धन आणि ऋण प्रभार बरोबरीत असतात. ६ च्या खाली धन प्रभार वरचढ होतो आणि कोळशाची पकड बदलते. आकडा येतो, पण भलत्याच पीएचचा.

चाचणीला १०० मिली पाणी, लिटरला २० मिलिग्रॅम औषध, कोळसा ५० मिलिग्रॅम. २० चे ४ उरले तर कोळशाने ग्रॅममागे ३२ मिलिग्रॅम धरलं. उरलेलं औषध यूव्ही यंत्र मोजतं, पाणी किती अतिनील प्रकाश शोषतं त्यावरून. सोबत दोन बाटल्या हव्यातच. एकीत नुसतं पाणी आणि कोळसा: अर्धवट जळालेल्या भुशातून सुटणारा पिवळसर अंश २७५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे सिप्रो सर्वाधिक शोषतं तिथेच, प्रकाश शोषतो. दुसरीत नुसतं औषध. सगळ्यांना फॉइल गुंडाळा. हे औषध उजेडातही विघटतं आणि श्रेय कोळशाला जातं.

टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या नाल्याच्या पाण्यावर हाच आकडा गृहीत धरू नका. तिथले सेंद्रिय पदार्थ कोळशातल्या जागा आधीच बळकावतात. शिवाय नाल्यातलं औषध बहुधा लिटरला मायक्रोग्रॅममध्ये असतं. ते यूव्ही यंत्राला दिसतच नाही, एलसी-एमएस हे रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र लागतं.

वापरलेला कोळसा कुंडीत टाकू नका. औषध त्यात तसंच असतं. घातक कचऱ्याच्या पिंपातच भरा.