तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चमध्ये वाढलेला तो मुलगा

ऑफिसात नवीन कुणी रुजू झालं की महिन्याभरात प्रश्न येतोच. लग्नात येतो, बारशात येतो, दिवाळीच्या फराळाला तर हमखास येतो. "गेममधल्या माणसांशी रोमान्स करून तुला मिळतं काय गं?" त्याला जोडून धाकट्या भावाचा उपप्रश्न: "जग बुडायला आलंय आणि तू म्हातारीचा तवा शोधत फिरतेस?" तव्याचं खरं आहे. द विचर ३ मध्ये पहिल्याच गावात एक आजी आपला तवा परत मागते. मी तो दर वेळी आणून देते. भाऊ तिच्या समोरून घोडा दामटत निघून जातो. त्याचा गेम माझ्या निम्म्या वेळात संपतो आणि त्याला त्यातल्या एकाही माणसाचं नाव सांगता येत नाही.

आजवर मी तीन उत्तरं दिली. टाइमपास. कादंबरी वाचून तुला काय मिळतं. आणि तुला काय करायचंय. आता चौथं देते, ते लांब आहे.

तुमच्या बाजूचं आधी मान्य करून टाकते. ड्रॅगन एज: ओरिजिन्स या गेममध्ये ॲलिस्टर नावाच्या सोबत्याला भेटवस्तू दिली की पडद्यावर आकडा उमटतो: तो खूश, अधिक चार. त्याला छोट्या दगडी मूर्ती आवडतात. मूर्त्या देत राहा, काटा शंभराकडे सरकतो. स्टेशनवरचं वजनाचं मशीन असायचं ना, नाणं टाकलं की मागे भविष्य छापलेलं तिकीट पडायचं, त्यातलाच प्रकार. (ती तिकिटं तुम्हीही पाकिटात जपून ठेवलीत, उगाच हसू नका.) त्याआधीच्या, 2000 सालच्या बाल्डर्स गेट २ मध्ये तर जिव्हाळ्याची पुढची बातचीत घड्याळावर यायची. ठरावीक वेळ गेल्याशिवाय समोरचा तोंड उघडायचा नाही. मी सगळ्या वीरांना रस्त्यात उभं करून भांडी घासायला जायचे. त्या गेममध्ये बाईच्या वाट्याला एकच पुरुष होता, ॲनोमेन. तोही सतत स्वतःचा मोठेपणा सांगणारा. तेव्हा या खेळांनी मला पुरुष पारखायला शिकवलं असं काही नाही. तिशीत मी तसं ठासून सांगायचे. पण शेजारच्या डेस्कवरचा माणूस माझ्यावर चिडलाय हे कळायला मला आठ महिने लागले होते. तो दावा मागे घेते.

आता ॲलिस्टर.

साल 2010, पावसाळा. लालबागची चाळ, दहा बाय बाराची खोली. आई आणि भाऊ खाली गादीवर, बाबा रात्रपाळीला, आणि मी कोपऱ्यात फळीखालच्या कॉम्प्युटरवर, कानात हेडफोन. गेम आदल्या वर्षी आला होता. त्यात आपण कोण म्हणून जन्माला यायचं ते निवडता येतं. मी शहरातल्या एल्फांच्या, म्हणजे टोकदार कानांच्या जमातीच्या, वस्तीतली मुलगी निवडली. माणसांपासून तोडून भिंतीआड ठेवलेली गर्दीची वस्ती, मधोमध एक मोठं झाड, आणि गोष्ट सुरू होते तीच तिच्या लग्नाच्या सकाळी. स्थळ घरच्यांनी ठरवलेलं. तेव्हा माझ्याही फोटोच्या चार प्रती नातेवाइकांत फिरत होत्या, त्यामुळे पोशाख सोडला तर मला फारसं परकं काही वाटलं नाही. त्या नवऱ्या मुलाचा त्याच दिवशी खून होतो. पुढे प्रवासात ॲलिस्टर भेटतो. अनाथ, विनोदी, राजाचा अनौरस मुलगा. लोदरिंग गावात तोडलेलं गुलाबाचं फूल तो इतके दिवस जपून ठेवतो आणि मला देतो.

त्याची एक बहीण असते, गोल्डाना. राजधानीत बाजाराजवळ राहते, लोकांची धुणी धुते, गाठोड्यामागे पैसे घेते. तिला भेटायला जाणं ही साइड क्वेस्ट. गेलं नाही तरी गेम पुढे चालू राहतो. मी गेले. दार उघडताच तिने आधी कपडे आणलेत का ते विचारलं. भाऊ म्हणून ओळख दिल्यावर म्हणाली, तुझ्या जन्मापायी आई गेली. घरात पाच पोरं. तिला पैसे हवे होते, भाऊ नको होता. बाहेर आल्यावर तो पार खचलेला. इथे मला बोलायचं होतं. एक वाक्य असं होतं की जगात जो तो स्वतःचं बघतो, हे तू शिकून घे. बाकीची समजुतीची होती. मी समजूत काढली. माणूस रडवेला असताना कोण उपदेश करतं?

पुढे सरदारांच्या सभेत मी त्याला राजा केलं. सभा पांगल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, आता आपलं जमायचं नाही. राजाला वारस लागतो. आम्ही राक्षसांशी लढणाऱ्या एकाच पंथातले, त्या दीक्षेने दोघांच्या रक्तात विष, मूल होणं अवघड. त्यात मी एल्फ. नंतर कळलं की बहिणीच्या दाराबाहेर ते 'जो तो स्वतःचं बघतो'चं कोरडं वाक्य बोलले असते, तर तो पुढे इतका मऊ राहिला नसता. लग्न तेव्हाही झालं नसतं, पण त्याला सोबत ठेवता आलं असतं. खेळणारे याला 'हार्डन' करणं म्हणतात. म्हणजे मी मायेने वागले म्हणून तो गेला.

रात्रीचे दोन वाजले होते. हेडफोन कानात असले की आपण किती मोठ्याने रडतोय ते कळत नाही. आई उठून बसली. मी पडदा बंद केला.

"कोण होता?"

मी काहीच बोलले नाही. मग ती एकेक विचारत गेली आणि मी उत्तरं देत गेले. नाव? ॲलिस्टर. ख्रिश्चन? चर्चमध्येच वाढला. कुठे भेटायचात? कॅम्पमध्ये. (तिला कॉलेजचा एनएसएसचा कॅम्प वाटला.) आईवडील? नाहीत, एक बहीण आहे, धुणी धुते. आई म्हणाली, बिचारा. मग सोडलं का? त्याला मोठी जागा मिळाली. आणि तू? मी त्यांच्यात चालणार नाही. "जातीचं?" तसंच काहीतरी, म्हटलं.

बघा, यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. माझा बचाव इतकाच आहे आणि तो लंगडा आहे हे मला ठाऊक आहे.

आईने गॅस लावला, चहा टाकला. भाऊ उठू नये म्हणून कप हातात धरून आम्ही गॅलरीत उभ्या राहिलो. पागोळ्या गळत होत्या. तिथे तिने मला सांगितलं. काळाचौकीला, माहेरच्या चाळीत, समोरच्या बिऱ्हाडात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. त्याचे वडील गिरणीत, साचा खात्यात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. गिरण्यांचे अडीच लाख कामगार बाहेर बसले. सहा महिने त्या घराने उधारीवर काढले. मग एके दिवशी ते बिऱ्हाड हातगाडीवर सामान घालून परळ डेपोला गेलं, सावंतवाडीकडची एसटी पकडायला. आदल्या संध्याकाळी तो तिला जिन्यात म्हणाला होता, घराचं बघायला हवं. बस, एवढंच. तिने त्याला पत्ताही विचारला नव्हता. "तू निदान रडलीस," आई म्हणाली आणि कप विसळायला आत गेली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढे एका स्थळाला मी नकार दिला, तर आतून आईचा आवाज ऐकू आला. मावशीला सांगत होती, तिचं मन एकदा मोडलंय, घाई नको. त्या वाक्याच्या आडोशाला मी बरीच वर्षं काढली. सोयीचं होतं ते.

2023 च्या दिवाळीत मी बाल्डर्स गेट ३ टीव्हीला जोडून खेळत होते. कार्लाक नावाची बाई, छातीत हृदयाच्या जागी नरकाचं इंजिन. इतकी तापलेली की लोहाराकडून दोनदा काम करून घेईपर्यंत तिला कुणी स्पर्शही करू शकत नाही. मी तिच्यासाठी लोखंड शोधत होते. भाऊ त्याच्या बायकोला म्हणाला, "हिचं हे जुनंच आहे. पूर्वी तो ॲलिस्टर होता, गेममधला, आठवडाभर तोंड पाडून बसली होती." आई चकल्या मोजून डब्यात भरत होती. तिचा हात थांबला.

तमाशा झाला नाही. सगळे गेल्यावर तिने विचारलं, "म्हणजे मी माझं खरं सांगितलं आणि तू मला खेळातलं सांगितलंस?"

रडणं खरं होतं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, रडणं कुठे खोटं म्हणतेय मी. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. तुम्ही मला काय मिळतं ते विचारता. मला त्या रात्री आईचा जिना मिळाला, आणि तो मी तिच्याकडून असा घेतला. फसवून म्हणा हवं तर. मी कधी म्हणते, कधी नाही.

गेम मी नंतर पुन्हा खेळले. गोल्डानाच्या दाराबाहेर ते कोरडं वाक्य निवडायचंच असं ठरवून बसले होते. नाही निवडता आलं.

परवा मेथी निवडताना आईने खाली मान घालूनच विचारलं, "त्याची ती बहीण, धुणी धुणारी. घेतलं का तिने त्याला घरात शेवटी?"

"नाही."

"पाच पोरं म्हणालीस ना?"

"हो."

"मग कुठून घेणार," आई म्हणाली आणि दुसरी जुडी सोडायला घेतली.