आवाजाचं बटण

आवाज वाढला की बारकावे मेलेच, असं आपण धरून चालतो. गणपतीत मांडवाशेजारी घर असेल तर यावर वाद घालायचीही सोय नसते. समोरच्याला ऐकूच येत नाही. अमेरिकेतला ब्लूज गायक आणि गिटारवादक मडी वॉटर्स, त्याची साक्ष मात्र उलटी आहे.

मूळ नाव मकिन्ली मॉर्गनफील्ड. लहानपणी मिसिसिपीतल्या चिखलात लोळायचा, म्हणून आजीने ‘मडी’ करून टाकलं. क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर तो ट्रॅक्टर चालवी आणि सुट्टीच्या रात्री नाचगाण्यात गिटार वाजवी. १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करत फिरणारा अ‍ॅलन लोमॅक्स त्याच्या खोपटात यंत्र घेऊन आला. मडीने स्वतःचाच आवाज ऐकला आणि आपण रेकॉर्डवाल्यांच्या तोडीचे आहोत हे त्याला उमगलं. १९४३ मध्ये त्याने शिकागोची गाडी पकडली.

दिवसा कागदाच्या कारखान्यात नोकरी, रात्री शिकागोच्या साउथ साइड भागातल्या दारूच्या अड्ड्यांत गाणं. तिथे ग्लास आदळतायत, कोणी हसतंय, कोणी भांडतंय; साध्या गिटारीला विचारतो कोण? एक-दोन वर्षांत त्याच्या हाती इलेक्ट्रिक गिटार आली ती अशी, निव्वळ अडचणीपोटी.

गंमत पुढेच आहे. करंगळीत नळी घालून तो ती तारेवरून सरकवतो. स्वर पडद्यावर, म्हणजे गिटारीच्या दांडीवरच्या पट्टीवर, टेकत नाही, अलीकडेच घुटमळतो, मग कण्हत वर चढतो. आपल्याकडे याला बिनदिक्कत मींड म्हटलं असतं. साध्या गिटारीवर ही थरथर पहिल्या रांगेपलीकडे जात नाही; अँप्लिफायरमधून ती मागच्या भिंतीला टेकलेल्या माणसालाही लागते. त्याच्या बँडमधला लिटल वॉल्टर माउथऑर्गन आणि माइक एकाच ओंजळीत दाबून धरायचा. असा जाड, धुरकट सूर निघे की सॅक्सोफोनने वळून बघावं! आणि विली डिक्सनने लिहिलेलं १९५४ चं ‘हूची कूची मॅन’ ऐका: बँड एक ठोका देतो आणि गप्प बसतो. त्या मोकळ्या जागेत मडी ऐटीत आपली ओळ टाकतो. माझ्या मते तिथे खरा दरारा त्या गप्प बसण्याचा आहे.

त्याच्या १९५० च्या ‘रोलिन स्टोन’वरून लंडनच्या पोरांनी आपल्या बँडचं नाव ‘रोलिंग स्टोन्स’ ठेवलं, हे जगजाहीर आहे. मला त्याहून आवडते ती त्याच्या इंग्लंड-वाऱ्यांची कथा. १९५८ मध्ये तिथल्या जाणकारांना हवा होता मळ्यावरचा साधाभोळा गायक. हा सुटाबुटात आला आणि इलेक्ट्रिक गिटार दणक्यात वाजवू लागला. काहींनी कानांवर हात ठेवले. मडी शहाणा माणूस. १९६३ मध्ये पुन्हा गेला तेव्हा आठवणीने साधी गिटार घेऊन गेला. तोवर तिकडच्या तरुणांना त्या इलेक्ट्रिकचंच वेड लागलं होतं. ते विचारू लागले, ती कुठाय?