धाकट्याच्या वाटणीचं मांजर

मिरग लागायच्या आधीच वेंगुर्ल्यात पाऊस कोसळला आणि मुंबईहून आलेली चार पोरं घरात अडकली. समुद्रावर जायचं नाही, कलमांखाली जायचं नाही. भाचीने पडवीत लॅपटॉप उघडला आणि 'पुस इन बूट्स: द लास्ट विश' लावते म्हणाली. मी म्हटलं, लाव. पोरं पावणेदोन तास गप्प बसतील आणि काकीबरोबर माझे रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून होतील, एवढाच माझा हिशोब.

"हो मांजराचो पिक्चर?" काकीने चष्म्यावरून पाहिलं. "आणि तेका बूट कित्याक?"

मला तरी कुठे उत्साह होता? हा बोका पहिल्यांदा आला २००४च्या 'श्रेक २'मध्ये. टोपी छातीशी धरून डोळे मोठे केले आणि भाव खाऊन गेला. आमच्या दशावतारात आख्यानाआधी संकासूर येऊन मालवणीत टिंगल करतो, हशा घेऊन जातो, तसा. म्हणून काय कोणी संकासुराला अख्ख्या रात्रीचं आख्यान देतं? बोक्याला दिलं, २०११ साली. त्यानंतर ११ वर्षांनी, २०२२च्या डिसेंबरात, हा पुन्हा आला. नारळाचं पहिलं दूध दाट, दुसरं पातळ, आणि तिसरं म्हणजे पाटा विसळलेलं पाणी. मी त्या पाण्याच्याच तयारीत होतो.

सुरुवातीला गाणं, नाच, राक्षसाशी लढाई. मी मान खाली घालून रतांबे फोडत राहिलो. मग एक भलीमोठी घंटा बोक्याच्या अंगावर पडते आणि तो मरतो. वैद्य सांगतो, नऊपैकी आठ जीव संपले, आता हा शेवटचा. (हे नऊ जीव इंग्रजांचे. स्पेनमध्ये मांजराला सातच जीव मानतात, म्हणजे या स्पॅनिश ऐटीच्या बोक्याला इंग्रजांनी दोन वरकड दिले. आपल्याकडे एकच, आणि तोही बांगडे कोणी उघडे ठेवलेत यावर अवलंबून.)

मग गुत्त्यात एक लांडगा त्याच्या शेजारी येऊन बसतो. हळू शिट्टी वाजवत. दोन हातांत दोन विळे. बोक्याच्या कपाळावर रक्ताचा एक थेंब येतो, अंगावरचा केस न् केस उभा राहतो आणि हा शूरवीर पळत सुटतो. तो लांडगा म्हणजे मृत्यू. पुढे तो स्वतःच तसं सांगतो. काकीची सुरी रतांब्यात अर्धी रुतून थांबली होती. माझीही.

टोपी, झगा, बूट पुरून बोका मांजरं पाळणाऱ्या एका बाईच्या घरी राहायला जातो, दाढी वाढवतो, ताटलीतलं मुकाट खातो. तिथे त्याला एक कुत्रा भेटतो, मांजराचं सोंग घेऊन राहिलेला. त्याच्या अंगात स्वेटर आहे, म्हणजे खरं तर मोजा. पिल्लू असताना घरच्यांनी त्याला दगडासकट त्या मोज्यात घालून नदीत टाकलं होतं, आणि तो बापडा हे लपाछपीचा खेळ म्हणून हसत सांगतो. पोरं हसली. मी नाही हसलो. आमची मनीसुद्धा अशीच कोणीतरी पोत्यात घालून बंदरावर सोडलेली.

इच्छा पुरी करणारा तारा, गोल्डिलॉक्स आणि तिची तीन अस्वलं, जॅक हॉर्नर नावाचा खलनायक, असं पुढे बरंच आहे. हॉर्नरचे विनोद मला जरा जास्तच लांबवलेले वाटले. लढाया मात्र बघाव्यात: चित्रं मुद्दाम तुटक हलवलेली, मागे रंगाचे फटकारे, कुंचला नुकताच उचलल्यासारखे.

पण सिनेमा आहे तो जंगलातल्या एका प्रसंगात. बोका धापा टाकत झाडाशी कोसळतो, छाती धडधडते, श्वास पुरत नाही. कुत्रा काही विचारत नाही, नुसतं त्याच्या पोटावर डोकं ठेवून पडून राहतो. बोक्याला आवाज देणाऱ्या अँटोनियो बँडेरासला २०१७च्या जानेवारीत हृदयविकाराचा झटका आला होता. ते ठाऊक असल्यामुळे असेल, मला ती धाप उसनी वाटली नाही. काकीला ना बँडेरास ठाऊक, ना इंग्रजी कळत. ती म्हणाली, "भियालो हा बिचारो."

फ्रेंच लेखक शार्ल पेरोने १६९७ साली छापलेल्या या बोक्याच्या गोष्टीत गिरणीवाल्याची तीन पोरं असतात. थोरल्याला गिरणी मिळते, मधल्याला गाढव, आणि धाकट्याच्या वाटणीला येतं नुसतं मांजर. आमच्या घरातही वाटणी झालेली आहे. कलमं कोणाकडे गेली आणि आमच्याकडे काय आलं, ते काकी पूर्ण सांगू शकते. तिला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने पहिल्यांदाच बोक्याकडे जरा आपुलकीने पाहिलं. या उरल्यासुरल्या वाटणीने जगभरात ४८ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली आणि ऑस्करचं नामांकनही मिळवलं. ऑस्करची बाहुली मात्र नेली 'पिनोकिओ' या सिनेमाने.

सिनेमा संपला तेव्हा अर्धी टोपली रतांबे तसेच होते. धाकट्या भाच्याने अंधारात लांडग्याची शिट्टी सुरू केली.

"रातची शिटी मारू नको रे!" काकी ओरडली.

तो थांबला. थोड्या वेळाने मागीलदारी जायची वेळ आली, तेव्हा माझा सदरा ओढत म्हणाला, "मामा, चल ना माझ्यासोबत."